पासिंग झालेली वॅगन-आर: दुरुस्तीची वही

२ नोव्हेंबर २०२४, शनिवार, पाडवा

गाडी घरी आली. वॅगन-आर, २००९ चं मॉडेल, पेट्रोल, १०६१ सीसी. रंग चंदेरी, म्हणजे कधीकाळी. किंमत १,२०,००० रुपये. मीटरवर ६८,४१२ किमी. शेजारच्या जिल्ह्यातून मीच चालवत आणली. सौभाग्यवतींनी दारात ओवाळली, चाकाखाली लिंबू ठेवलं.

ही वही अण्णांच्या हुकमावरून. त्यांची उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. ड्रायव्हरनं तक्रार लिहून दिल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, ही त्यांची सवय. "डोक्यात ठेवू नकोस, कागदावर ठेव. डोकं बाजू घेतं," म्हणाले. म्हणून शाळेची एक कोरी वही घेतली.

घेतली ती मुख्यतः एका गोष्टीसाठी: 'पासिंग २०२९ पर्यंत'. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते. पुढे फॉर्म २५ भरायचा, फी भरायची (१ एप्रिल २०२२ पासून कारला ५,००० रुपये, त्याआधी ६०० होती), पर्यावरण कर भरायचा आणि गाडी आरटीओत नेऊन दाखवायची. मग पुढची ५ वर्षं मिळतात. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. या गाडीची मुदत ५ नोव्हेंबरला संपत होती, पासिंग २१ ऑक्टोबरला झालं. म्हणजे मी घेतली तेव्हा पासिंग होऊन फक्त १२ दिवस झाले होते. मी सरळ हिशेब केला: मोटार वाहन निरीक्षकानं बघून ५ वर्षं दिली आहेत, मी मराठी शाळेतला विज्ञानाचा मास्तर, मी आणखी काय बघणार?

येताना हायवेवर दोन गोष्टी जाणवल्या. ब्रेक मारला की गाडी थोडी उजवीकडे जाते. ५० च्या पुढे खालून गुं-गुं असा आवाज येतो. लिहून ठेवतो.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

ताईकडे पाचगणीला गेलो. वाईतून पसरणी घाटानं जेमतेम १२-१३ किलोमीटर. चढताना गाडी झकास चालली, अण्णासुद्धा गप्प बसले होते. हे त्यांच्याकडून प्रशस्तिपत्रकच.

उतरताना संध्याकाळ झाली होती. खाली वाईचे दिवे, पलीकडे धोमचं पाणी, मागे मनूची बडबड. मी चौथ्या गिअरमध्ये, वळण आलं की ब्रेक, वळण आलं की ब्रेक. निम्मा घाट उतरल्यावर करपल्याचा वास आला. पुढच्या वळणाला पेडल दाबलं तर ते स्पंजात पाय घातल्यासारखं खाली गेलं. गाडी हळू झाली, पण हवी तेवढी नाही. पुन्हा दाबलं, आणखी खाली. अण्णा एवढंच म्हणाले, "दुसरा टाक." टाकला. इंजिन ओरडलं, गाडी आवरली. पुढे थोडी रुंद जागा होती, तिथे हँडब्रेक ओढून थांबलो.

उतरून बघितलं तर पुढचं डावं चाक तापलेलं. हात जवळ नेला तरी धग लागत होती. उजवं कोमट. वीस मिनिटं थांबलो. मग पेडल पुन्हा बऱ्यापैकी कडक झालं, आणि याचीच मला जास्त भीती वाटली. बिघडलेली वस्तू बिघडलेलीच राहिली तर निदान कळतं तरी.

उरलेला घाट दुसऱ्यात उतरलो. चूक माझीही आहे, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण चांगला ब्रेक एवढ्यानं हात टेकत नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी असल्यानं शाळेचं मैदान मोकळं. उघडण्याआधी मोजून ठेवायचं ठरलं. खडूची रेघ मारली, ३० च्या वेगानं येऊन रेघेवर पूर्ण ब्रेक मारायचा आणि टेप लावायची. तीन वेळा केलं: ९.१, ९.६, ९.४ मीटर. तिन्ही वेळा गाडीचं नाक उजवीकडे.

दुपारी चाकं काढली. मागच्या चाकांना दगड, पुढे जॅक, खाली घोडी. अण्णा खुर्चीवर.

पुढचं डावं: कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा. त्याचा खालचा बोल्ट सोडून तो वर उचलायचा तर उचलेचना. पिना गंजून आत जाम झालेल्या. तेल सोडून, हातोडीनं हळूहळू ठोकून अर्ध्या तासानं निघाला. पॅड हातात आले आणि सगळा उलगडा झाला. शाळेतला व्हर्निअर कॅलिपर आणला होता. बाहेरच्या पॅडवर ७.२ मिमी अस्तर शिल्लक, आतल्या पॅडवर १.१ मिमी. एकाच चाकातले, एकाच दिवशी बसवलेले दोन पॅड.

असं का, तर पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरानं अख्खा कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरच्या पॅडला ओढून घेतो. पिना जाम झाल्या की सरकणं बंद. मग आतला पॅड एकटाच राबतो, नीट मागेही येत नाही, घासत राहतो आणि तापतो. बाहेरचा पॅड पाहुण्यासारखा बसून. डावं चाक अर्ध्या ताकदीनं धरतं, उजवं पूर्ण, म्हणून गाडी उजवीकडे.

चाक न काढता यातलं काहीच दिसत नाही. लोखंडी रिम, त्यावर प्लॅस्टिकची टोपी. पासिंगला कोणी चाक काढत नाही.

मागचं उजवं: ड्रम निघेना. ड्रमवर दोन आट्यांची भोकं असतात, त्यात ८ मिमीचे दोन बोल्ट आळीपाळीनं पिळत गेलं की ड्रम स्वतःलाच बाहेर ढकलतो. ही युक्ती अण्णांची. आत व्हील सिलिंडर असतो, ब्रेकचे शू ड्रमवर दाबणारा. त्याचं रबर बोटानं उचललं तर ब्रेक ऑइलचा थेंब ओघळला. शू ओले, काळे.

आता बॉनेटखालची ब्रेक ऑइलची बाटली. पातळी अगदी वरच्या रेघेला, झाकण पुसून लख्ख. काल रात्री मला हेच बघून बरं वाटलं होतं. पण ड्रममधून गळत असताना पातळी पूर्ण कशी? कोणीतरी नुकतं वरून ओतलेलं. सिरिंजनं थोडं काढलं तर रंग कोऱ्या चहासारखा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ जातीचं नवं ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पाणी मुरलेलं १४० ला. घाटात ते उकळलं, वाफ झाली. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल, पेडल पुन्हा कडक. आठवीला हाच धडा मी दरवर्षी शिकवतो.

६ नोव्हेंबर, बुधवार

इक्बालभाईंच्या गॅरेजमध्ये सामान बसवलं. गाडी तिथपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सकाळी सहाला. पॅड १,०५०, पिना-रबर-ग्रीस ३२०, मागचे दोन्ही व्हील सिलिंडर ७६०, शू ८८०, ब्रेक ऑइल ३६०, मजुरी ९००. एकूण ४,२७० रुपये.

ब्रेकच्या नळ्यांतली एअर, म्हणजे अडकलेली हवा, आम्ही घरी काढली, कारण इक्बालभाईंचा पोऱ्या निवडणुकीच्या गाड्यांना भोंगे बसवायला गेला होता. लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे मागचं डावं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं. मनू पेडलवर. "दाब… धर… सोड." आधी काळपट पाणी, मग बुडबुडे, मग बारीक बुडबुडे, मग मधाच्या रंगाची अखंड धार. मनूनं एकदा मी "धर" म्हणत असतानाच सोडलं आणि ते चाक पहिल्यापासून करावं लागलं. तिचं म्हणणं, मी पुटपुटतो.

मास्टर सिलिंडर (पेडलनं चालणारा ब्रेकचा मुख्य पंप) ठीक आहे. पेडल दाबून मिनिटभर धरलं, खाली सरकलं नाही.

मैदानावर पुन्हा टेप: ५.७, ५.५, ५.६ मीटर. नाक सरळ. ३० च्या वेगाला चार मीटरचा फरक. घरासमोरच्या गल्लीची रुंदी तेवढी असेल.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

गुं-गुं आवाज तसाच. अण्णा म्हणतात, मागची व्हील बेअरिंग. मी बेअरिंग आणून ठेवलं, ७४० रुपये. बसवायला चाक काढलं आणि हात टायरच्या पृष्ठभागावरून फिरला. एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं करवतीसारखं खरखरीत, मध्येमध्ये खळगे.

टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात: २३१५. म्हणजे २०१५ चा २३ वा आठवडा. बाकी तीन बघितले: २३१५, २३१५, ४११४. नऊ-दहा वर्षांचं रबर. नक्षीच्या खाचेत मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिमीचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला तिथपर्यंत आलेले. बाहेरच्या कडेला बरे दिसतात, कारण त्यांना काळं चोपडलंय.

हे टायर पासिंगला कसे चालले, हा प्रश्न पडला. म्हणून एजंटनं पाठवलेले फोटो मोबाइलवर पुन्हा काढले. एक फोटो पासिंगच्या दिवशीचा, गाडी रांगेत उभी. चाकावर झूम केलं. त्या टायरवर नवेपणाचे रबराचे बारीक केस दिसतात. माझ्या अंगणातल्या गाडीवर तो टायर नाही.

रात्री विकणाऱ्या गृहस्थांना फोन लावला. वय साठीच्या पुढे, बोलणं गोड. मला वाटलं होतं, नाकबूल करतील. ते म्हणाले, "हो सर, ते आमच्या मुलाच्या गाडीचे होते. पासिंगपुरते लावलेले. तुम्ही टायरचं काही विचारलं नाहीत ना?" त्यात उद्धटपणा नव्हता, लपवालपवीही नव्हती. लग्नाला शेजाऱ्याकडून सतरंजी आणावी इतकं ते त्यांच्या लेखी साधं होतं. मला काय बोलावं सुचेना. "बरं" म्हणून ठेवला.

निरीक्षकाला नावं ठेवायला जागा नाही. त्या दिवशी त्याच्यासमोर नवे टायर होते, दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, वायपर फिरत होते, चासी नंबर जुळत होता. जमिनीवर चालत्या वेगात ब्रेक लागत होता. जे समोर आलं ते त्यानं पास केलं.

१० नोव्हेंबर, रविवार

चार नवे टायर, ३,१५० प्रमाणे १२,६००. अलाइनमेंट-बॅलन्सिंग ७००. गुं-गुं आवाज गेला. संपूर्ण. बेअरिंग दुकानदारानं परत घेतलं. अण्णांनी या विषयावर मौन पाळलं आहे.

सकाळी उठलो तर विकणाऱ्या गृहस्थांकडून मोबाइलवर ३,००० रुपये आलेले. सोबत निरोप नाही, काही नाही. मीही काही लिहिलं नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

कागद. फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतराचा अर्ज टाकला. विमा माझ्या नावावर करायला अर्ज, त्याला १४ दिवसांची मुदत असते. ती लोक हमखास विसरतात आणि अपघात झाल्यावर आठवते. पीयूसी ठीक, पण या जुन्या गाड्यांना ती दर सहा महिन्यांनी.

१६ नोव्हेंबर, शनिवार

एअर फिल्टर बदलायला डबा उघडला (फिल्टरमध्ये पालापाचोळा आणि एका पाखराचं पीस). डब्याच्या बाजूला, बॅटरीच्या आड, एक जुना ऑइल बदलल्याचा स्टिकर. अर्धा पुसलेला. बॉलपेननं लिहिलेला आकडा भिंग लावून वाचला: पुढची सर्व्हिस १,०१,०००. तारीख २०१८.

मीटरवर आज ६९,००४.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर सांगून जुनी नोंद विचारली. त्यांच्याकडची शेवटची भेट २०१७ ची, ९१,२३० किमी. म्हणजे गाडी सात वर्षांत २२ हजार किलोमीटर मागे चालली. क्लचच्या पेडलवरचं रबर मधोमध झिजून आरसा झालंय, ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. ६८ हजारांत पेडल एवढं झिजत नाही.

खरा आकडा सव्वा लाखाच्या पुढे असणार. आता प्रश्न टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडायला लावणाऱ्या दातेरी पट्ट्याचा. या इंजिनात बेल्ट आहे, साखळी नाही, आणि साधारण एक लाखाला तो बदलायचा असतो. बदलल्याची नोंद कुठेच नाही.

तोपर्यंत गाडी अंगणात उभी. एजंटला फोन केला नाही. त्याच्याशी बोलून मीटर पुढे जाणार नव्हतं.

१८ ते २१ नोव्हेंबर

निवडणूक ड्यूटी. काम बंद. मतदान २० ला होतं. मतपेट्यांच्या ट्रकात बसून रात्री परत येताना एसटीच्या ब्रेकचा फुस्स आवाज ऐकून इतकं सुरक्षित वाटलं की झोप लागली. (पेट्या म्हणजे आता यंत्रं. अण्णा अजून पेट्याच म्हणतात, म्हणून माझ्याही हातून तेच लिहिलं गेलं. आणि ती एसटीच होती, ट्रक नव्हे. झोपेत लिहितोय.)

२४ नोव्हेंबर, रविवार

टायमिंग बेल्ट. काम इक्बालभाईंचं, मी हरकाम्या. पुढचं उजवं चाक, वरचे पट्टे, पुली, मग प्लॅस्टिकचं कव्हर.

बेल्ट हातात घेऊन इक्बालभाईंनी तो उलटा दुमडला. दातांच्या मुळाशी बारीक भेगा, कंगव्यात केस अडकावेत तशा एकीशेजारी एक. एका ठिकाणी दोन दातांच्या मधलं कापड सुटून धागे दिसत होते. "सर, हा घाट चढला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, झकास चढला. त्यांनी तो पट्टा माझ्या हातात दिला आणि चहा सांगितला.

वॉटर पंपही बदलला, कारण सगळं उघडलेलंच होतं आणि उद्या गळला तर हीच मजुरी पुन्हा. रेडिएटरचं पाणी सोडलं तर गंजाचं, विटकरी. कूलंटच नव्हतं, नळाचं पाणी. तीन वेळा धुऊन नवं कूलंट भरलं.

बेल्ट ६२०, टेन्शनर ७८०, पंप १,४५०, कूलंट ५४०, मजुरी १,५००. एकूण ४,८९०.

जुना बेल्ट शाळेत घेऊन जाणार आहे. ऊर्जेच्या रूपांतरापेक्षा हा लवकर कळेल.

३० नोव्हेंबर, शनिवार

स्पीडब्रेकरवर डावीकडून टक्-टक्. अण्णांना गाडीबाहेर उभं केलं, मी स्टेअरिंग हलवलं. काही नाही. मग चाक उचलून पहार चाकाखाली घातली आणि वर रेटली, तेव्हा लोअर आर्मच्या, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांडीच्या, टोकाचा बॉल जॉईंट डोळ्यांना दिसेल इतका उचलला. चाक ३ आणि ९ वर धरून हलवलं की स्टेअरिंगच्या टोकांचा ढिलेपणा कळतो, १२ आणि ६ वर धरून हलवलं की बेअरिंग किंवा बॉल जॉईंट. हे चाक जमिनीला टेकलेलं असताना कळणं अवघड.

दोन्ही बाजूंचे आर्म बदलले, बॉल जॉईंट-बुशसकट. ११५० प्रमाणे २,३००, मजुरी ५००.

आणि आर्म बदलले म्हणून अलाइनमेंट पुन्हा, ४००. नव्या टायरच्या वेळी केलेली वाया गेली. अण्णा: "आधी सांधे, मग टायर, मग अलाइनमेंट. हे पोरगंही सांगेल." त्यांनी तेव्हा सांगितलं नव्हतं. तेव्हा ते बेअरिंगच्या नादात होते.

८ डिसेंबर, रविवार

किरकोळ कामांचा दिवस. मागच्या सीटचे बेल्ट गादीखाली दडपलेले होते, काढून धुतले. पुढच्या डाव्या बेल्टचं लॉक अडकत होतं, त्यातून एक रुपयाचं नाणं आणि अर्धी टॉफी निघाली. हेडलाइट शाळेच्या भिंतीवर लावून बघितले, उजवा चक्क पिंपळाच्या शेंड्यावर. खाली आणला. वायपरची पाती बदलली.

धुवायला म्हणून चालकाच्या पायाखालचं मॅट काढलं. मॅट नवंकोरं. त्याखालचं कार्पेट दमट.

१४ डिसेंबर, शनिवार, दत्तजयंती

सीट काढल्या, कार्पेट काढलं. हे आधीच करायला हवं होतं.

वरून बघितलं तर पत्र्यावर तपकिरी पोपडे. खालून बघितलं तर छान काळाभोर, डांबरासारखा अंडरकोट. इतका ताजा की नख लावलं तर नखात येतो. स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीनं आवाज घेत गेलो. ठण, ठण, ठण, मग थप्. तिथे टोक लावून जरा रेटलं. गेलं आरपार. खाली अंगणातली फरशी दिसली. रेटत गेलो तसं भोक रुंदावत गेलं, शेवटी माझा हात मनगटापर्यंत आत. काळ्या थराखाली पत्रा नव्हताच, गंजावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला.

जागा नेमकी चालकाच्या सीटच्या पुढच्या दोन बोल्टांमागे. धडक बसली तर सीट ज्यावर धरून राहायची तो पत्रा.

ब्रेकचं मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. पॅड झिजतात, ऑइल मुरतं, माणूस दुर्लक्ष करतो. टायरचंसुद्धा समजून घेतलं. पण हे कोणीतरी गाडीखाली झोपून, हातानं, भोक बघून, लांबी भरून, पॉलिश पेपर मारून केलंय. मालकानं केलं, एजंटनं की त्याच्याही आधीच्या कोणी, माहीत नाही. ज्यानं केलं त्याला पत्र्याचं काम चांगलं येतं. एवढ्याच वेळात त्याला पत्रा लावता आला असता.

अण्णा आज बराच वेळ त्या भोकाकडे बघत बसले. मग म्हणाले, "उंडे नकोत आज, भूक नाही." (सौभाग्यवतींनी केलेल्या सुंठवड्याला ते उंडे म्हणतात, चिडले की.)

१५ डिसेंबर, रविवार

विकायची की ठेवायची यावर घरात बैठक. विकायची तर सांगून विकावी लागेल, सांगून विकली तर भंगाराचा भाव. न सांगता विकायची तर मलाच ते मॅट पुन्हा अंथरावं लागेल. मनू म्हणाली, "मग तुम्हीच ते काका." बैठक संपली.

२२ डिसेंबर, रविवार

पत्र्याचं काम, दोन दिवस. आधी बॅटरीची वायर काढली आणि गाडीचा कंप्युटरही सुटा करून ठेवला. सडका पत्रा चमकणारं लोखंड लागेपर्यंत कापला. कापता कापता वहीच्या पानाएवढं भोक दोन पानांएवढं झालं. २० गेजचा पत्रा वाकवून, जुन्या पत्र्यावर बोटभर चढवून सीओटू वेल्डिंग. सलग ओढायचं नाही. इथे एक ठिपका, मग लांब तिथे एक ठिपका, नाहीतर उष्णतेनं पत्रा लाटेसारखा वाकतो. शिवणीवर सीलर, प्राइमर, मग दोन्हीकडून अंडरकोट. या वेळी खाली लोखंड आहे.

पाणी कुठून येत होतं तेही सापडलं: पुढच्या काचेखाली वायपरच्या जाळीत साठलेला पाला. पाण्याची वाट तुंबली की पाणी आत. मूठभर पाल्यापायी एवढा पत्रा.

वेल्डिंग ५,५००, सीलर-प्राइमर-अंडरकोट ९००. कार्पेट गच्चीवर चार दिवस उन्हात.

आजवरचा खर्च: ३२,०६०. परत आलेले ३,००० वजा. २९,०६०.

५ जानेवारी २०२५, रविवार

शाळेतल्या एका सहकाऱ्यानं फोटो दाखवला. २००८ ची गाडी, 'नुकतंच पासिंग'. बघायला चल म्हणाला. मी जॅक, टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. विकणाऱ्यानं चाक काढू दिलं, मॅट उचलू दिलं, दोन्हींत काही निघालं नाही. टायर जुने होते आणि त्यानं आपणहून सांगितलं, "टायर बदलावे लागतील, पासिंगला दुसरे लावले होते." सहकाऱ्यानं टायरचे पैसे कापून गाडी घेतली.

१९ जानेवारी, रविवार

मांढरदेवच्या यात्रेची गर्दी ओसरायची वाट बघत थांबलो होतो. आज पसरणी घाट, तोच रस्ता, तेच चौघे. वर ताईकडे चहा. उतरताना तिसरा-दुसरा, ब्रेक लागेल तेवढाच. ज्या रुंद जागेवर त्या दिवशी थांबलो होतो तिथे मुद्दाम थांबलो. चारही चाकांच्या रिमवर बाटलीतलं पाणी शिंपडलं. चारही ठिकाणी पाणी नुसतं ओघळलं, चर्र झालं नाही. डाव्या आणि उजव्यात हाताला फरक कळत नव्हता.

घरी आल्यावर अण्णांनी वही मागून घेतली. चष्मा लावला, पहिल्या पानापासून सगळी वाचली. बेअरिंगच्या पानावर थांबले, काही बोलले नाहीत. मग माझं पेन घेऊन स्वतःच्या अक्षरात खाली लिहिलं:

'ब्रेक ठीक. गाडी सरळ. हॉर्न बारीक वाजतो, बघणे.'